हसून सोडून दिलेली गोष्ट

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. चार ओळींत भागेना, म्हणून कागद बाजूला ठेवला. आज निवांत आहे, लेक झोपली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

ॲनिमेशनपटांचे दुसरे-तिसरे भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं तू लिहिलं आहेस. पहिला सिनेमा जीव ओतून काढतात आणि पुढचे गल्ला भरायला. मुलाला ‘मोआना २’ दाखवून आलास आणि त्याच रागात हे लिहिलंस, ते कळतंय. त्या सिनेमावरून माझं तुझ्याशी काही भांडण नाही. पण तू सगळ्यांनाच एका दावणीला बांधलंस, ते मला लागलं. आमच्या घरात एका दुसऱ्या भागाने असं काही बोलून दाखवलं आहे, जे मला कित्येक वर्षं तोंडाने बोलता येत नव्हतं. ते तुला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आधी तुझ्या बाजूचं जे खरं आहे ते कबूल करतो. ‘अलादीन’ १९९२ मध्ये आला. दोनच वर्षांत डिस्नेने ‘द रिटर्न ऑफ जाफर’ काढला, तोही थिएटरसाठी नव्हे, थेट व्हिडिओ कॅसेटवर. टीव्ही मालिका करणाऱ्या विभागाकडे तो सोपवला होता आणि जिनीला पहिल्या भागातला रॉबिन विल्यम्सचा आवाजसुद्धा नव्हता. तरी कॅसेट धो धो खपली आणि मग रांगच लागली. ‘द लायन किंग’, ‘सिंड्रेला’, ‘द लिटल मर्मेड’, कुणी सुटलं नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी म्हणजे पहिलीच गोष्ट उलटी धरलेली. जलपरी एरियलला पाण्यातून जमिनीवर यायचं होतं, तर तिच्या मुलीला जमिनीवरून पाण्यात जायचं आहे. चित्रं ओळखीची, गाणी ओळखीची, आणि मनात काही म्हणजे काही उरत नाही.

त्यांतला ‘बॅम्बी’चा दुसरा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. पहिला १९४२ चा, दुसरा २००६ चा, मध्ये तब्बल चौसष्ट वर्षं. पहिल्यात आई गोळीला बळी पडते ते आपण बघतही नाही, नुसता आवाज ऐकतो. पाडस बर्फात हाका मारत फिरतं. मग बाप समोर येतो, एक-दोन वाक्यं बोलतो, दोघं बर्फ पडत असताना चालू लागतात आणि एकदम वसंत येतो, पाखरं गाऊ लागतात. मधले महिने सिनेमा दाखवतच नाही. लहानपणी मला वाटायचं, रिळाचा तुकडा हरवला असेल. मोठा झाल्यावर कळलं की त्या न दाखवलेल्या महिन्यांतच सगळं दुःख साठलेलं आहे. दुसरा भाग नेमके तेच महिने भरून काढतो: बाप-लेकाचं जुळतं कसं, बापाला माया कशी फुटते. सिनेमा वाईट नाही, चित्रंही निगुतीने काढली आहेत. पण जिथे गप्प राहायला हवं होतं तिथे तो बोलत सुटतो. तुझा राग अशांवर असेल, तर मी तुझ्या शेजारीच उभा आहे.

पण गंमत बघ, ‘टॉय स्टोरी २’ सुद्धा याच वाटेने निघाला होता. तोही मुळात थेट व्हिडिओसाठीच ठरला होता. पुढे तो थिएटरसाठी करायचं ठरलं, आणि जमलेलं बनवणाऱ्यांना स्वतःलाच पसंत पडेना, तेव्हा हातात जेमतेम नऊ महिने असताना त्यांनी गोष्ट जवळजवळ मुळापासून पुन्हा मांडली. त्याआधी एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या संगणकांवरून सिनेमाचा बराचसा भाग पुसला गेला होता, आणि नुकतंच बाळ झाल्यामुळे घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या संगणकावर प्रत सापडली म्हणून तो वाचला, हा किस्सा तू ऐकला असशील. मला त्यापुढची गोष्ट जास्त मोठी वाटते: एवढ्या मुश्किलीने वाचवलेलंही त्यांनी नंतर बहुतांश बदलून टाकलं. गल्लाच भरायचा असता तर कुणी असं केलं असतं का?

आणि बदलून त्यांनी काय आणलं? १९९५ च्या पहिल्या भागाचा शेवट आठव. वुडी आणि बझ ही खेळणी त्यांच्या मुलाकडे, अँडीकडे परत पोहोचतात, संपलं. मुलाचं प्रेम मिळालं म्हणजे खेळण्याला सगळं मिळालं. आपण हसत उठलो आणि कुणीच विचारलं नाही की अँडी मोठा झाल्यावर काय? दुसरा भाग ते विचारतो. जेसी नावाच्या बाहुलीचं गाणं आहे ना, तीनेक मिनिटांचं, सारा मॅकलाक्लनच्या आवाजातलं, तिथे. मुलगी लहान असताना दोघींचा खेळ. मग जेसी पलंगाखाली जाऊन पडते आणि वर्षं निघून जातात. वरच्या जगात नखांना रंग लागतात, मैत्रिणींचे फोन येतात. एक दिवस पलंगाखाली हात येतो, तिला उचलतो, गाडीत बसवतो. जेसीला वाटतं, जुने दिवस परत आले. गाडी थांबते ती दान करायच्या वस्तूंच्या खोक्यापाशी. त्या गाण्यात कुणीही दुष्ट नाही. मुलगी फक्त मोठी झाली आहे. पहिल्या भागात एवढं खोल काहीच नव्हतं, आणि पहिला भाग नसता तर हे एवढं लागलंही नसतं.

तेव्हापासून माझ्याकडे एकच कसोटी आहे. पहिल्या सिनेमाने कुठली तरी गोष्ट घाईने मिटवलेली असते, कधी हसण्यावारी नेलेली असते. दुसरा भाग तिथे परत जातो का, एवढंच मी बघतो. जात असेल तर तो पहिल्याच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. नाही तर भांडणं मोठी होतात, गावं मोठी होतात आणि खलनायक वाढतात, बाकी सगळं तिथल्या तिथेच.

आता आमच्या घरातलं सांगतो. ‘कुंग फू पांडा’ २००८ चा, तुला पाठ आहे. पो नावाच्या पांडाचा बाप हंस. एका प्रसंगात पो म्हणतो, कधीकधी विश्वासच बसत नाही की मी तुमचा मुलगा आहे. बाप गंभीर होतो. तुला फार पूर्वीच सांगायला हवं होतं असं काही आहे, म्हणतो. आपण सगळे श्वास रोखतो, आणि तो सांगतो सूपमधल्या गुपित मसाल्याचं! थिएटर हसतं. आम्ही तो सिनेमा लेकीबरोबर पहिल्यांदा बघितला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला आपण दत्तक आलो आहोत हे कळायला लागल्यापासून माहीत आहे, आम्ही कधी लपवलं नाही. तरी त्या प्रसंगाला आम्ही दोघं नवरा-बायको हसलो नाही. तीही हसली नाही. तिने आमच्याकडे बघितलं आणि परत पडद्याकडे बघितलं. मला काहीतरी बोलायचं होतं, सुचलं नाही.

२०११ चा दुसरा भाग आम्ही वर्षभराने लावला. जेनिफर यू नेल्सन या दिग्दर्शिकेचा. पहिल्या भागाच्या सुरुवातीचं हाताने काढलेलं स्वप्न आहे ना, तेही तिचंच काम. इथे लढाईच्या ऐन मध्यावर पोला काहीतरी आठवतं, तो लटपटतो आणि तडक घरी येऊन विचारतो, मी कुठून आलो? पहिल्या भागात हसून सोडून दिलेला प्रश्न इथे पहिल्या काही मिनिटांतच समोर येतो. बाप आधी टाळाटाळ करतो. मग एक खोकं पुढे ठेवतो, मुळ्यांचं. भाजीच्या खोक्यांत एक दिवस हे पिल्लू निघालं, सगळे मुळे फस्त करून बसलेलं. बापाने वाट बघितली, न्यायला कुणीच आलं नाही. मग आत घेतलं, अंघोळ घातली, खाऊ घातलं. पो विचारतो, पण मी त्या खोक्यात आलो कसा? त्याचं उत्तर हंसाकडे नाही.

तिथे लेकीने मला सिनेमा थांबवायला लावला. मला वाटलं, आता ती तोच प्रश्न विचारणार, आणि माझ्याकडेही हंसापेक्षा जास्त काही नाही. तिने विचारलं, “मला आणलं तेव्हा मी काय खात होते?”

मी सांगितलं, दूध. आणि दूध पिऊन झाल्यावर माझ्या शर्टाची कॉलर. तिने कोणता शर्ट ते विचारलं. निळा, असं सांगितल्यावर तो कपाटातून काढून आणायला लावला, कॉलर हातात घेऊन बघितली आणि मग म्हणाली, आता लाव पुढे. तुला तो शर्ट आठवत असेल, त्या दिवशी तू आमच्याबरोबर होतास.

पुढे सिनेमात पोला कळतं की आईने त्याला त्या खोक्यात लपवलं आणि लांडग्यांना स्वतःच्या मागे लावून दूर नेलं. या सगळ्या आठवणी सपाट, हाताने काढल्यासारख्या चित्रांत आहेत. शेवटी तो घरी येतो. बापाला सांगतो, माझं गाव सापडलं, सगळं कळलं, मी कोण तेही कळलं. हंस भीत भीत विचारतो, कोण? पो म्हणतो, तुमचा मुलगा. लेकीने तो प्रसंग तीनदा मागे घेऊन बघितला, एक अक्षर न बोलता. असं काम पहिल्या भागाने केलं नव्हतं, कारण तिथे त्या गोष्टीचा फक्त विनोद होता. म्हणून मला दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटतो. तिसराही गोड आहे, जन्मदाता बाप येतो तेव्हा हंसाच्या पोटात जी कालवाकालव होते ती फार खरी आहे. २०२४ च्या चौथ्यात मात्र काही उरलेलं नाही. जुने पाच सोबती जवळजवळ दिसतही नाहीत.

तू म्हणशील, हे माझ्या घरापुरतं झालं. मग ‘इनसाइड आऊट २’ घे, रायली नावाच्या मुलीच्या मनातल्या भावनाच जिथे पात्रं आहेत. तो मला अर्धाच पटला. पहिल्या भागात आनंदने दुःखाला बाजूला सारलं आणि चूक उमगली. दुसऱ्यात ती नको त्या आठवणी दूर फेकून देते, म्हणजे तीच चूक, तेच उमगणं. पण हॉकीच्या मैदानाकडेच्या बाकावर तेरा वर्षांच्या रायलीचा जीव घाबराघुबरा होतो, चिंता स्वतःच्याच वावटळीत गोठून उभी राहते आणि तिच्या डोळ्यात पाणी असतं, तो प्रसंग सोन्याचा आहे. हा दुसरा भाग रायली मोठी झाली म्हणूनच शक्य झाला. याउलट ‘द इन्क्रेडिबल्स’चा दुसरा भाग चौदा वर्षांनी आला आणि पहिला जिथे संपला त्याच क्षणी सुरू झाला. बाळाची रॅकूनशी मारामारी झकास, पण एवढ्या वर्षांत कुणाचं काहीच बदललं नाही, आई-बापाच्या कामांची तेवढी अदलाबदल. ‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’वाल्यांनी पोराला पाच वर्षांनी मोठा केला आणि त्याच्या बापाचा जीव त्याच्याच लाडक्या ड्रॅगनच्या हातून घेतला, ड्रॅगन दुसऱ्याच्या कह्यात असताना. मुलांच्या सिनेमात असं करायला छाती लागते.

आणि तुझा ‘मोआना २’. तो मुळात मालिका म्हणून आखला होता, नंतर सिनेमा केला. म्हणूनच नावेवर इतकी माणसं आहेत आणि कुणालाच पुरेशी जागा नाही. मोआनाने पहिल्या भागात काही अर्धवट सोडलंच नव्हतं, तर ती परत जाणार तरी कशासाठी?

‘टॉय स्टोरी ४’वरून मात्र आपलं जमणार नाही असं दिसतंय. तुला तो आवडतो, वुडी स्वतःसाठी जगायला निघतो म्हणून. मला तिसऱ्याच्या शेवटी अँडीने वुडीला क्षणभर मागे ओढून मग त्या छोट्या मुलीच्या हातात दिलं, तिथे दार लागलेलं हवं होतं. यावर समोरासमोर बोलू.

लेक आता ‘टॉय स्टोरी २’ मागते आहे. ते दान करायच्या खोक्याचं गाणं तिला आत्ता दाखवावं की आणखी दोन वर्षांनी, माझं ठरत नाही. हिचं म्हणणं, दाखव, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तू सुट्टीत येशील तेव्हा बघावं असं डोक्यात आहे, तू असलास म्हणजे मला धीर येईल. मुलालाही आण. आधी पांडाचे दोन्ही भाग पाठोपाठ लावू. फक्त एक कर, मुळ्यांचं खोकं येईल तेव्हा तिच्याकडे वळून बघू नकोस, तिला ते आवडत नाही.

तुझाच,
जुना सोबती