आपटलेल्या अॅनिमेशनपटांचे पुढचे भाग काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अॅनिमेशनपटांच्या कमाईवरचा लेख वाचला. २०२४ मध्ये जगभरात सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ‘इनसाइड आउट २’. त्याच वर्षी ‘मोआना २’ आणि ‘डेस्पिकेबल मी ४’ यांनीही बक्कळ गल्ला जमवला, आणि पुढच्याच वर्षी चीनच्या ‘न झा २’ने या सगळ्यांना मागे टाकले. यावरून लेखकाने निष्कर्ष काढला आहे की प्रेक्षकांना ओळखीचेच हवे असते. मला तो घाईचा वाटतो. पहिला भाग चालला की दुसरा काढायचा, हा हिशेब निर्मात्यांचा. गोष्टीत सांगण्यासारखे काही उरले आहे का, हे त्या हिशेबात कुणी विचारत नाही. आणि ज्यांच्यात खरोखर काही उरले होते असे कितीतरी चित्रपट पहिल्याच आठवड्यात पडले म्हणून कायमचे बाजूला गेले.

माझ्या यादीत पहिले नाव डिस्नेच्या ‘ट्रेझर प्लॅनेट’चे. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी समुद्रावरून उचलून अंतराळात नेण्याची ही कल्पना रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शकांनी १९८५ मध्येच मांडली होती. स्टुडिओने त्यांच्याकडून आधी ‘द लिटल मरमेड’, मग ‘अलादिन’, मग ‘हर्क्युलिस’ करून घेतले. मनातला चित्रपट पडद्यावर यायला २००२ साल उजाडले, आणि तोही आला तो हॅरी पॉटरचा दुसरा भाग चित्रपटगृहांत ठाण मांडून बसलेला असताना. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, जगभरची वसुली ११ कोटींच्या आसपास. पुढच्या भागाची जुळवाजुळव सुरू झाली होती, ती तिथेच थांबली.

आता गोष्टीकडे पाहा. बाप सोडून गेलेला जिम आणि त्याच्यावर जीव लावणारा, पण खजिन्यासाठी त्यालाच दगा देणारा अंतराळातला दरोडेखोर सिल्व्हर. शेवटी सिल्व्हर निसटतो, आणि जिम त्याला निसटू देतो. पुढे जिम अंतराळ अकादमीत दाखल होतो, गणवेशात घरी येतो. म्हणजे कायद्याच्या बाजूला उभा राहिलेला मुलगा आणि मोकाट फिरणारा, त्याला बापासारखा असलेला दरोडेखोर. या दोघांची पुन्हा गाठ पडली तर? हा प्रश्न मी बाहेरून लादत नाही, पहिल्याच भागाने तो मांडून ठेवला आहे. निम्म्याहून अधिक यशस्वी मालिकांच्या तिसऱ्या-चौथ्या भागांकडे इतका सकस प्रश्न नसतो.

सिल्व्हरच्या रेखाटनाबद्दलही लिहायलाच हवे. त्याचे शरीर चित्रकार ग्लेन कीन यांच्या पेन्सिलीतून उतरलेले, तर यांत्रिक हात संगणकावर घडवलेला. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच अंगावर, आणि सांधा कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. पण पुढे झाले काय? २००४ मध्ये डिस्नेने फ्लोरिडातला स्टुडिओ बंद केला आणि हाताने रेखाटलेल्या चित्रपटांचे पर्वच आवरते घेतले. चित्रपट पडला की नुसते पैसे बुडत नाहीत, तो घडवणारे हातही पांगतात. ‘टायटन ए.ई.’चे तेच झाले. २००० सालचा हा चित्रपट कोसळला आणि तो बनवणारा फॉक्सचा फिनिक्समधला स्टुडिओ त्याच वर्षी बंद पडला. पृथ्वी नष्ट झालेल्या माणसांना नवा ग्रह मिळतो आणि तिथेच चित्रपट संपतो. वसायचे कसे, ही खरी गंमत पुढेच होती. (नायकाला त्या ग्रहासाठी ‘बॉब’ हे नाव सुचते. एवढ्यासाठीही मी दुसऱ्या भागाचे तिकीट काढीन.)

हात पांगले म्हणजे कला संपली, असेही नाही. ‘ट्रेझर प्लॅनेट’मधला डॉक्टर डॉपलर साकारणाऱ्या चित्रकारांचे प्रमुख होते सर्जिओ पाब्लोस. त्यांनीच २०१९ मध्ये माद्रिदच्या आपल्या स्टुडिओतून ‘क्लाउस’ काढला. हाताने रेखाटलेल्या आकृत्यांवर छायाप्रकाश असा चढवला की बघणारे चक्रावले. तेव्हा ‘आता हे कोण करणार’ ही सबब चालणार नाही.

‘टिनटिन’चे प्रकरण निराळे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा २०११चा चित्रपट काही आपटला नव्हता. जगभरात ३७ कोटी डॉलर मिळाले, पण त्यातले उत्तर अमेरिकेतले आठ कोटीही नव्हते. दुसरा भाग पीटर जॅक्सन करणार होते. पहिल्याचा शेवटही कॅप्टन हॅडॉक आणि टिनटिन यांच्या हाती नवा धागा देऊनच होतो. तो धागा अजून तसाच लोंबतो आहे, आणि टिनटिनचे जनक हर्जे यांचे बहुतेक चित्रकथा-अल्बम मोठ्या पडद्याची वाट पाहत पडले आहेत.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर २०१२चा ‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’. अर्णब चौधुरी यांचा हा चित्रपट विराटनगरीच्या लढाईपर्यंत येऊन थांबतो. महाभारतातले युद्ध अजून सुरूही झालेले नाही! चौधुरी आता हयात नाहीत, पण त्यांनी ज्या रंगांत आणि ज्या संयमाने ती कथा रंगवली, त्या शैलीत कुरुक्षेत्र पाहायला मिळायला हवे होते.

कुणी म्हणेल, आपटलेल्या किंवा जेमतेम चाललेल्या चित्रपटांचे दुसरे भागही निघाले आहेत, त्यांचे काय झाले? खरे आहे. ‘अटलांटिस’ची मालिका दूरचित्रवाणीवर येण्याआधीच गुंडाळली गेली आणि तिचे तयार झालेले तीन भाग एकत्र शिवून २००३ मध्ये व्हिडिओवर ‘दुसरा भाग’ म्हणून विकले गेले. ‘मेगामाइंड’चा पुढचा भाग चौदा वर्षांनी आला, तो थेट ओटीटीवर, मूळचे आवाज नसलेला, नव्या मालिकेची प्रस्तावना म्हणून. असली उरकाउरकी मी मागत नाही. ‘पुस इन बूट्स’चा दुसरा भाग २०२२ मध्ये, म्हणजे पहिल्यानंतर अकरा वर्षांनी आला. चित्रांची धाटणीच बदलली, नऊपैकी एकच जन्म उरलेल्या मांजराला साक्षात मृत्यूसमोर उभे केले, आणि प्रेक्षकांनी ४८ कोटी डॉलर मोजले. मधल्या अकरा वर्षांनी काही बिघडले नाही. पहिल्या भागाच्या वेळची मुले तोवर मोठी झाली होती, आणि गोष्टही त्यांच्यासोबत मोठी झाली.

एका चित्रपटाचे नाव मात्र मी मुद्दाम यादीत घेतलेले नाही. ब्रॅड बर्ड यांचा ‘द आयर्न जायंट’ १९९९ मध्ये जाहिरातीअभावी पडला आणि पुढे टीव्ही-व्हिडिओवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. मूळ पुस्तकाचे लेखक टेड ह्यूज यांनी स्वतः ‘द आयर्न वुमन’ हे पुढचे पुस्तक लिहिले होते, त्यामुळे सामग्रीही तयार आहे. तरीही नको. त्या लोखंडी राक्षसाचे बर्फावर विखुरलेले तुकडे पुन्हा एकत्र सरकू लागतात, इथे ती गोष्ट पूर्ण होते. त्यापुढे एक दृश्यही वाढवले तर त्याने केलेल्या त्यागाची किंमत कमी होईल.

या यादीवर वाचकांनी खुशाल भांडावे. ‘टायटन ए.ई.’ वगळला तरी माझी फारशी तक्रार नाही. ‘ट्रेझर प्लॅनेट’वर मात्र मी माघार घेणार नाही.

आपला,
एक वाचक