कॉड्रिंग्टनचं मृत्युपत्र

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयाचा फोटो पोचला. मधोमध रोमन पोशाखात उभा असलेला संगमरवरी गृहस्थ म्हणजे ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन. १६६८ साली बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर ऊसमळेवाल्याच्या घरी जन्मला, १७१० साली तिथेच वारला. कॉलेजला त्याने १०,००० पौंड आणि स्वतःची पुस्तकं दिली, त्यातून ही इमारत उभी राहिली.

माझी हयात लोकांची मृत्युपत्रं लिहिण्यात गेली. त्यामुळे त्याच्या मृत्युपत्रातलं एक कलम काही केल्या डोक्यातून जात नाही. बार्बाडोसमधले दोन मळे त्याने लंडनच्या एका ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या नावे केले. तिथे वैद्यक आणि धर्मशास्त्र शिकवणारं कॉलेज निघावं, ही इच्छा. अट अशी, की मळे अखंड ठेवायचे आणि त्यांवर किमान ३०० गुलाम सदैव असले पाहिजेत. म्हणजे एक मेला की दुसरा विकत आणायचा. आणि माणसं मरतच होती. जन्मापेक्षा मरण जास्त. धर्माचं काम करणाऱ्या त्या संस्थेने वर्षानुवर्षं नवे गुलाम खरेदी केले. सुरुवातीच्या काळात तर त्यांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ ही अक्षरं डागली जात.

हेतू चांगला होता, असं तुला कुणी सांगेल. मला ते पटत नाही. दानाचं पुण्य त्याच्या नावावर लागलं आणि ते दान ज्यांच्या घामातून आलं ती माणसं त्याच कागदावर स्थावर-जंगमात मोजली गेली.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. या संस्थेला ४११ माणसांपोटी ८,८२३ पौंड मिळाले. त्या माणसांना छदामही नाही, उलट आणखी चार वर्षं ‘उमेदवारी’च्या (अप्रेंटिसशिपच्या) नावाखाली राबावं लागलं.

ऑल सोल्स कॉलेजने २०१८ साली ग्रंथालयाच्या दाराशी त्या मजुरांच्या स्मरणार्थ फलक लावला, २०२० साली ग्रंथालयाला कॉड्रिंग्टनचं नाव लावणं बंद केलं. बरं केलं. पण फलकावर एकाही मजुराचं नाव नाही.

बार्बाडोसमध्ये १८१७ पासून गुलामांची सरकारी नोंदवही ठेवत. नाव, वय, काम, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, सगळं तीत आहे. या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सुट्टीत जाऊन कॉड्रिंग्टन मळ्यांची पानं पाहा आणि जमतील तितकी नावं उतरवून मला पाठव. आईही वाट पाहतेय.

तुझे,
बाबा