गोळीआधी नमुना घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की कृष्णाकाठी जुलाबाचे रुग्ण वाढतात. बहुतेकांना पहिल्याच दिवशी प्रतिजैविक सुरू होतं आणि गुण आला नाही की मग शौचाचा नमुना आमच्याकडे येतो. मी मिरजेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. औषध पोटात गेल्यावर आलेल्या नमुन्यातले जंतू कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, बहुधा उगवतच नाहीत. मग ‘रोगकारक जंतू आढळले नाहीत’ असा रिपोर्ट जातो आणि घरच्यांना वाटतं, काही नाही म्हणजे बरंच झालं. याचं फार वाईट वाटतं.

आतड्यात निरुपद्रवी जंतूंची गर्दी कायमचीच. त्यातून नेमका रोगाचा जंतू वेगळा काढायचा असतो. त्यासाठी खास पोषक माध्यमांच्या प्लेट असतात. मॅकाँकी अगारवर आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात, साल्मोनेला आणि शिगेला या रोगकारक जंतूंच्या फिक्या. एक्सएलडीच्या प्लेटवर साल्मोनेलाच्या लाल वसाहतीत मधोमध काळा ठिपका उठतो. पटकीचा जंतू टीसीबीएसच्या हिरव्या प्लेटवर पिवळा उठून दिसतो. पण एवढ्यावर निदान होत नाही. पुढे जैवरासायनिक चाचण्या, जंतूचा नेमका प्रकार ओळखणारे अँटिसेरा, मग कोणतं औषध लागू पडेल ते पाहणं, यात दोन-तीन दिवस जातात.

त्यात शिगेला फार नाजूक. साधा नमुना दोनेक तासांत पोचायला हवा, नाहीतर तो वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात ठेवावा लागतो. जत-आटपाडीहून एसटीने साध्या डबीत आलेल्या नमुन्यात तो कुठून सापडणार?

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला; त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. त्याला कमी ऑक्सिजन, वेगळं माध्यम आणि ४२ अंश तापमान लागतं. नेहमीच्या कल्चरमध्ये तो हाती लागत नाही, म्हणून शंका असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहावं.

प्रत्येक जुलाबाला कल्चर लागत नाही. बहुतेकांना ओआरएस पुरतं. पण शौचात रक्त असेल, भाताच्या पेजेसारखे जुलाब होत असतील किंवा एकाच वाडीत पाच-सहा जण आजारी पडले असतील, तर प्रतिजैविकाआधी नमुना घ्यावाच. सलाइन मात्र त्यासाठी थांबवू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅरी-ब्लेअरच्या नळ्या पावसाळ्याआधी पोचवाव्यात आणि नमुने त्याच दिवशी मिरजेला आणायला गाडी ठरवून द्यावी, ही जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती.

— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज