टक्कर टाळताना शेवटचा शब्द कोणाचा?

महोदय,

विमान अपघात झाला की ‘वैमानिक मोठा की संगणक’ हा वाद रंगतो. पण निर्णय घ्यायला किती सेकंद उरलेत आणि खरी माहिती कोणाकडे आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्रणेचंच घ्या. १९९६ मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं आदळून ३४९ जण गेले, त्यानंतर आपल्याकडे ती सक्तीची झाली. शेजारच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरकडून (स्वतःची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) ती उंची घेते, अंतर मोजते आणि टक्कर साधारण १५ ते ३५ सेकंदांवर आली की आदेश देते. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर यंत्रं आपसांत ठरवतात: एक वर, दुसरं खाली. वळायला ती सांगत नाही, कारण दिशा मोजण्यात तिचा अँटेना कच्चा.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनवर ३६,००० फुटांवर एक टुपोलेव्ह प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग एकमेकांच्या वाटेत आले. झुरिचच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने टुपोलेव्हला खाली उतरायला सांगितलं, काही सेकंदांत टीकॅस ‘वर जा’ म्हणालं. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. बोइंगने यंत्राचं ऐकलं आणि तेही खालीच आलं. ७१ मृत्यू. यंत्राने काय सांगितलंय हे नियंत्रकाला दिसतच नव्हतं. शिवाय तो एकटा रडारचे दोन पडदे सांभाळत होता आणि मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद होता. वरचढ कोण, याबाबत तेव्हाचे नियम आणि पुस्तिका एका सुरात बोलत नव्हत्या.

आता नियम स्वच्छ आहे. आदेश आला की ५ सेकंदांत प्रतिसाद द्यायचा, ‘टीकॅस आरए’ (म्हणजे टीकॅसचा आदेश आलाय) एवढंच नियंत्रकाला कळवायचं, नियंत्रकाने मध्ये पडायचं नाही. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू आलं की मूळ उंचीवर परतायचं. मिनिटाला १,५०० फूट चढण्या-उतरण्याचा वेग बहुधा पुरतो. घाबरून जास्त ओढलं तर तिसऱ्याच विमानाच्या वाटेत जाल. शब्दांनीही घोळ केलाय. ‘ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ ऐकून काहींनी चढण्या-उतरण्याचा वेग कमी करण्याऐवजी वाढवला, म्हणून टीकॅसच्या ७.१ आवृत्तीत सरळ ‘लेव्हल ऑफ’ (आहे त्या उंचीवर सपाट व्हा) आलं.

मग बोइंग ७३७ मॅक्समधल्या एमकॅसलाही (विमानाचं नाक आपोआप खाली करणारी यंत्रणा) असाच अधिकार द्यावा का? मुळीच नाही. ती हवेच्या तुलनेत नाकाचा कोन मोजणाऱ्या एकाच मापकावर विसंबून नाक खाली ढकलत राहिली, आणि ती विमानात आहे हे पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांना सांगितलंही नव्हतं. टीकॅसचा आदेश पडद्यावर दिसतो, कानावर पडतो आणि हातातलं विमान हातातच राहतं.

एअरबसच्या काही विमानांत आता ऑटोपायलट स्वतःच हा आदेश पाळतो; वैमानिक कधीही ऑटोपायलट बंद करून ताबा घेऊ शकतो. मला ही वाटणी पटते, कारण दचकलेला माणूस ५ सेकंदांत जे करतो त्यापेक्षा ते मोजूनमापून होतं. जमिनीजवळ मात्र जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशाराच टीकॅसपेक्षा वरचढ, आणि ट्रान्सपॉन्डर बंद असलेलं विमान टीकॅसला दिसतच नाही; तिथे डोळे आणि नियंत्रकच.

सिम्युलेटरवर बहुधा एकटा टीकॅस वाजतो. त्याच क्षणी नियंत्रकाची उलट सूचना कानात पडते, असा सराव दर फेरीत सक्तीचा करावा आणि त्यात नियंत्रकांनाही बसवावं.

– एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, विलेपार्ले