फोनवर चालतात, घरात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लकव्याच्या पेशंटची तपासणी आता फोनवर बी होऊ लागलीय, त्याबद्दल लिहायलोय. चार महिन्यांपूर्वी आमच्या अण्णांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली. तीन महिने झाल्यावर दवाखान्यातून फोन आला, पेशंट चालतात का म्हणून. मायनं सांगून टाकलं, "चालतात की!" तिच्या हिशोबानं तिच्या खांद्यावर हात टाकून मोरीपर्यंत गेले म्हणजे चालले. पण डॉक्टर लोकांचं ते रँकिन स्केल असतंय ना, लकव्यानंतर माणूस किती परावलंबी झालाय ते मोजायचं, 0 ते 6 चं, आकडा जितका मोठा तितकी हालत वाईट, त्यात 3 म्हणजे मदत लागते पण चालतो आपला आपण, काठी घेतली तरी चालतंय, आणि 4 म्हणजे दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय चालताच येत नाही. फायलीवर अण्णांना 3 पडला.

मग समोरच दाखवू म्हणून जीप करून नेलं, अर्धा दिवस लायनीत गेला, आणि नंबर आला तर गुळगुळीत फरशीवर डॉक्टरांसमोर अण्णा इरेला पेटून दहा पावलं एकटेच चालले (जन्मभर कुणापुढं नमले नाहीत, तिथं काय नमणार). घरचा उंबरा, अंगणातली खडी, परसातला संडास, हे त्या फरशीवर कुठून दिसावं? 3 चा 3 च राहिला.

म्हणून फोन वाईट अन् समोरची तपासणी चांगली असं मला म्हणायचंच नाही. विचारता काय आणि कुणाला, तिथं घोळ आहे. "चालतात का" नका विचारू, काल संडासला गेले तेव्हा सोबत कोण होतं, सदऱ्याची बटनं कुणी लावली, असं विचारा, आणि जो सेवा करतो त्याला विचारा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काहींना आपला डावा हात-पाय गेलाय हेच कळत नाही, अण्णा सुरुवातीला आठ दिवस "मला काय धाड भरलीय" म्हणायचे. डाव्या बाजूला आला तर बऱ्याचदा वाचाच जाते, तो बिचारा फोनवर काय सांगणार?

अशा घरी आशाताईनं मोबाईल धरून बाजेवरून उठण्यापासून मोरीपर्यंतचा व्हिडिओ काढावा, रेंज नसली तर नंतर पाठवावा, आणि डॉक्टरांनी तो बघून आकडा टाकावा. त्या कामाचे पैसे मात्र ताईला वेगळे द्या, फुकटची कामं त्यांच्या डोक्यावर आधीच लई आहेत.

आपला,
एक वाचक, मराठवाडा