पाचट पेटवू नका, रानातच राहू द्या

संपादक साहेब, ऊस तुटून गेला की आमच्या वाळवा तालुक्यात रोज संध्याकाळी कुठं ना कुठं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटलेलं दिसतंच, आणि ते बघून जीव तुटतो कारण तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीपण तेच करत होतो. एकरात ३-४ टन पाचट निघतं, ते जाळलं की कर्ब आणि नत्र धुरात जातं आणि मग आपणच युरियाच्या पोत्यासाठी दुकानात रांगेला.

आता खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकात, पाचट सरीतच ठेवतो, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवायचे जिवाणू टाकून पाणी देतो. पहिल्या वर्षी टनेज घटलं, उंदीरपण झाले, हे लपवत नाही. पण यंदा मे महिन्यात पाचटाखाली हात घातला तर माती गार, ओली, आणि मुठीत चार गांडुळं. पाण्याच्या दोन पाळ्या वाचल्या, आणि नदीकाठची रानं जादा पाण्यानंच क्षारपड, म्हणजे क्षार वर येऊन नापीक, झालीत हे सगळ्यांना माहितीये.

कारखान्यांनी पाचट कुट्टीचं मशीन गावोगावी भाड्यानं द्यावं, आणि सुरुवातीची घट सोसायला सरकारनं थोडा हात द्यावा, एवढीच विनंती.

– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली