टपालाची पेटी

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी, रविवार रात्र

प्रिय पिलू,

हे पत्र तुझ्या कॅल्क्युलसच्या वहीत ठेवते आहे, म्हणजे बाबांच्या आधी तुझ्या हाती लागेल. मराठीत लिहिलंय, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझं ऑफिसचं ई-मेल होतं. एखादं जोडाक्षर अडलं तर मोठ्यानं वाच, कानाला कळेल.

गेले तीन आठवडे या घरात कुणी 'नॅशनल मेरिट', म्हणजे तुझ्या त्या देशपातळीवरच्या स्कॉलरशिपचा शब्द उच्चारलेला नाही आणि दुसरा कुठला विषयही नाही. परवा जेवताना तू म्हणालीस, "आज कौन्सेलर माझ्याकडे बघून हसल्या." मग आपण तिघं त्या हसण्याचा अर्थ लावत बसलो. शाळेला आधी कळतं का? कळलं तर सांगायची मुभा असते का? त्या एरवी हसतात का? वरण पार गार झालं. बाबांचं मत पडलं की बाईंना शुक्रवार असल्याचा आनंद झाला असावा.

मला आकडे पाठ झालेत, तुलाही असतील. अकरावीच्या ऑक्टोबरात देशभरातली तेरा लाखांच्या आसपास मुलं पीएसॅट, म्हणजे त्या स्कॉलरशिपची पहिली चाळणी परीक्षा, देतात. त्यांतली साधारण १६ हजार सेमीफायनलिस्ट, तीही प्रत्येक राज्याच्या वेगळ्या कटऑफनं, आणि आपल्या न्यू जर्सीचा कटऑफ देशातल्या सगळ्यांत वरच्यांपैकी. हीच मुलगी दुसऱ्या एखाद्या राज्यात असती तर सप्टेंबरपर्यंत इतका जीव टांगणीला लागला नसता, असं मी तेव्हा दहादा म्हणाले होते. तू त्यांत आलीस. आता त्या १६ हजारांतले १५ हजारांच्या वर फायनलिस्ट होतात, आणि त्याच पत्राची आपण वाट बघतोय. निबंध गेला, शाळेची शिफारस गेली, कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेचे मार्क गेले, म्हणजे काळजीचं कारण नाही, असं मी रात्री बाबांना समजावते. ते "हो हो" म्हणून कूस बदलतात. मग मी छताकडे बघत मोजते, की सोळातला एक कुणीतरी राहतोच.

फायनलिस्ट झालेल्यांपैकीही पैसे मिळतात साधारण निम्म्यांना, आणि त्यांची मूळ स्कॉलरशिप २५०० डॉलर, तीही एकदाच. इथल्या एखाद्या खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च ८०-९० हजार डॉलरांच्या घरात जातो, त्यापुढे हे पुस्तकांचे पैसे. खरी गोष्ट वेगळीच आहे हे आपल्याला दोघींनाही माहीत आहे. हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगवाली कॉलेजं गुणांवर स्कॉलरशिप देतच नाहीत, ती फक्त घरची ऐपत बघतात, आणि त्यांच्या लेखी आपली ऐपत काठावरची आहे. म्हणून तर फायनलिस्ट मुलांची फी मोठ्या प्रमाणात उचलणारी टेक्सासातली, अलाबामातली सरकारी विद्यापीठं तू यादीत घातलीस. मी विचारलं तेव्हा "तिथली हवा चांगली आहे" म्हणालीस. मेरिटच्या अर्जातला पहिल्या पसंतीच्या कॉलेजचा रकाना मात्र अजून 'ठरलं नाही' असाच आहे. तो तसा का ठेवलायस ते मला कळतं. आम्ही कसला हिशेब करतोय तो तुला दिसू नये म्हणून बाबा लॅपटॉप मिटतात, आणि तू तुझा हिशेब आमच्यापासून झाकून ठेवतेस.

झाकण्यावरूनच आठवलं, किंवा खरं तर त्यासाठीच हे पत्र.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट, १९८७ सालची. कराडजवळच्या आमच्या गावात गुरुजी स्कॉलरशिपला बसवलेल्या आम्हा पाच पोरांचे जादा तास सकाळी साडेसहाला घ्यायचे. मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता. परीक्षेला एसटीनं कराडला गेलो. आजीनं डब्यात दशम्या आणि गूळशेंगदाणे दिले होते. बुद्धिमत्तेच्या पेपरात एक प्रश्न होता. रांगेत एक मुलगा पुढून सातवा आणि मागून अकरावा, तर रांगेत एकूण मुलं किती? मी अठरा लिहिलं. बाहेर येऊन एसटीच्या खिडकीत बसले, गाडी सुरू झाली आणि कळलं, की तो मुलगा मी दोनदा मोजला. सतरा. घरापर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा. यादी आधी तालुक्याला येई. आबा साखर कारखान्यात टाइमकीपर होते, आठवड्यातून दोनदा तरी त्यांचं कराडला जाणं व्हायचं. मी रोज संध्याकाळी पारापाशी उभी राहायची. सायकल वळणावर दिसली की धावत जायचं आणि विचारायचं, "आली का यादी?" ते म्हणायचे, "अजून नाही बघ." एके दिवशी हेच उत्तर देताना ते सायकलच्या साखळीकडे बघत होते. साखळी काही पडलेली नव्हती.

त्यानंतर चार दिवसांनी शेजारच्या घरून पेढे आले. त्यांच्या मुलाचं नाव यादीत होतं, आणि यादी मंगळवारीच लागली होती. मी पेढा हातात धरून उभी. चार दिवस मी पारापाशी कशाची वाट बघत होते? नापास झाल्याचं फारसं वाटलं नाही, त्या अठरानं माझी तयारी आधीच करून ठेवली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मीच तेवढी रोज धावत जात होते, याचा मात्र राग आला. आबांशी मी दोन दिवस अबोला धरला. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता माझी कबुली. पोस्टखातं रोज सकाळी आपल्या पेटीत त्या दिवशी पडणार असलेल्या पाकिटांचे फोटो ई-मेलनं पाठवतं, काळेपांढरे, धुरकट. जानेवारीच्या शेवटी मी त्यासाठी नाव नोंदवलं. तुला सांगितलं नाही. रोज नऊच्या सुमाराला मी ऑफिसात तो मेल उघडते. गॅसचं बिल, डेंटिस्टचं कार्ड, क्रेडिट कार्डवाल्यांची आमंत्रणं. गेल्या गुरुवारी एक पाकीट दिसलं, वरच्या कोपऱ्यात 'इलिनॉय' एवढंच वाचता येत होतं. तुमच्या नॅशनल मेरिटचं ते ऑफिस इलिनॉयमध्ये एव्हान्स्टनला आहे ना? मी जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली, बर्फात घसरत घरी आले, हुकावरची किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या पेट्यांपाशी गेले. विम्याची जाहिरात होती. ती जशीच्या तशी परत आत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली हुकावर टांगली आणि बुटांचे ओले ठसे पुसून ऑफिसला गेले.

संध्याकाळी तू म्हणालीस, "आज पण काही नाही, आई." मी कांदा चिरत होते. मी म्हटलं, "अस्सं? येईल गं." वर बघितलंच नाही.

त्या रात्री मला ती साखळी आठवली.

आज सकाळी नेहमीप्रमाणे आबांचा फोन आला. "पोरीचं पत्र आलं का?" हे पहिलं वाक्य, तब्येतीचं नंतर. मी इतक्या वर्षांनी विचारलं, "आबा, चौथीच्या वेळी यादी लागल्याचं तुम्ही का नाही सांगितलं?" मला वाटलं त्यांना आठवणार नाही. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "रोज पारापाशी पळत यायचीस. सांगितलं असतं तर आली नसतीस." आणि लगेच, "तिकडं थंडी किती आहे?"

मला काही बोलता येईना. मायनस सहा, म्हटलं.

तर मी ते फोटो येणं आज रात्री बंद केलं आहे. बाबांनी नोंदवलं नसावं अशी आशा करू या, पण शनिवारी तेही सकाळी सकाळी 'पाय मोकळे करायला' पेट्यांकडे गेले होते, तेव्हा त्यांचं तू बघ. उद्या प्रेसिडेंट्स डे, टपाल येणार नाही. मंगळवारपासून पेटी तुझी. पाकीट तिथंच थंडीत उभी राहून फोड, खोलीत नेऊन फोड, दोन दिवस दप्तरात ठेव, आम्हाला वाटेल तेव्हा सांग. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये कुणी विचारलं तर त्यांना मी बघते.

आणि त्या 'ठरलं नाही'च्या रकान्याबद्दल एकदा आपण तिघांनी लॅपटॉप उघडा ठेवून बसू. आकडे तुलाही दाखवते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, नुसतेच वाईट दिसतात.

मंगळवारी मला यायला साडेसहा होतील. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात भाजणी मळून ठेवलेली असेल, भूक लागली तर दोन थालीपीठं लावून घे. किल्ली हुकावरच आहे.

तुझी,
आई